डोंगरावरील शर्यत

सपाट मैदानावरील शर्यतीत अंतर, वेळ आणि प्रतिस्पर्धी यांचाच प्रामुख्याने विचार करावा लागतो. डोंगरावरील शर्यतीत मात्र चढ, उतार, निसरडी वाट आणि लहरी हवा यांचीही त्यात भर पडते. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिसची शर्यत हे या प्रकाराचे एक जुने व नामांकित उदाहरण होय.

बेन नेव्हिस हे ब्रिटनमधील सर्वोच्च शिखर. त्याची उंची १३४५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे ३०० मीटरने कमी आहे. परंतु पायथ्याचे फोर्ट विल्यम हे गाव समुद्राच्या खाडीकाठी वसलेले असल्यामुळे जवळजवळ ही सारी उंची धावपटूला स्वतःच्या पायांनी चढावी लागते. १८८३ साली शिखरावर वेधशाळा उभी राहिली व तिच्यासाठी तट्टे जातील अशी वाट बांधण्यात आली. याच डोंगरावर १८९५ मध्ये विल्यम स्वॉन हा गावकरी २ तास ४१ मिनिटांत वर जाऊन परत आला. पुढे १८९८ मध्ये स्पर्धा सुरू झाली. वेधशाळा १९०४ मध्ये बंद पडली. शर्यत मात्र मध्यंतरी खंड पडूनही टिकून राहिली. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरचे हे अंतर केनी स्टुअर्टने १९८४ मध्ये १ तास २५ मिनिटे ३४ सेकंदांत तोडले.

चढावर हृदय व फुप्फुसे यांची कसोटी लागते. जाणता धावपटू लहान पावले टाकतो आणि अतिशय उभ्या जागी धावणे सोडून, हात मांड्यांवर टेकून, झपझप चालतो. यात कमीपणा नाही. कारण अशा ठिकाणी धावण्यास शक्ती पुष्कळ लागते, पण वेग फारसा वाढत नाही.

उतार सोपा वाटतो. पण खरा धोका तेथेच असतो. प्रत्येक पावलागणिक मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच देहाचा भार रोखून धरतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व पुढे दोन दिवस साधा जिना उतरणेही जड जाते. शिवाय थकलेला पाय सुट्या दगडांवर सहज मुरगळतो. म्हणून नजर पायांशी न ठेवता चार पावले पुढे ठेवावी लागते.

तिसरी अडचण हवेची. साधारणतः १००० मीटर चढल्यावर तपमान ६ ते ७ अंशांनी उतरते. घामाने व धुक्याने भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला, की देहाची ऊब झपाट्याने नाहीशी होते. अंगाला कापरे भरते, बोलणे अडखळते आणि विचारशक्तीही मंदावते. म्हणून आपण संकटात आहोत हे त्या धावपटूला स्वतःला उमगतच नाही. १९५७ मध्ये या शर्यतीत एका धावपटूचा थंडीने गारठून मृत्यू झाला. आता पाणी अडवणारा अंगरखा, टोपी, हातमोजे आणि शिटी जवळ बाळगल्याशिवाय कोणासही धावता येत नाही. १९८० साली तर वादळी हवेमुळे शर्यतच रद्द करण्यात आली.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावाजवळच्या टेकडीवर धावावयाचे झाल्यास आधी ती वाट चालून पाहावी, सोबतीला एखादा मित्र घ्यावा आणि घरी सांगून निघावे. अर्ध्या वाटेत आभाळ भरून आले, तर निमूटपणे माघारी वळावे. टेकडी दुसऱ्या दिवशीही तेथेच असते.