मास्क म्हणजे व्हेंटिलेटर नव्हे

गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याच्या माझ्या मोठ्या बंधूंची बायपास शस्त्रक्रिया मुंबईत झाली. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच बंद होत्या, म्हणून आम्ही वडखळमार्गे मोटारीने गेलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या श्वासनलिकेतील नळी काढली, तेव्हा घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘पेढी कोणी उघडली?’’ आम्ही निश्चिंत झालो. रात्री मात्र त्यांच्या रक्तातील प्राणवायू घसरू लागला आणि डॉक्टरांनी बायपॅप लावण्यास संमती मागितली.

‘‘काका, पुन्हा व्हेंटिलेटर?’’ पुतण्याचा चेहरा उतरला. आम्ही दोघांनी अर्धा तास घालवला. आयुष्यभर कर्जप्रकरणे बारकाईने तपासणारा मी, पण समोरचा कागद वाचण्याऐवजी घाबरून बसलो, याची आजही खंत वाटते.

डॉक्टरांनी मग शांतपणे समजावले. छातीचे हाड कापलेले असते. वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटतात. बायपॅपमध्ये घशात नळी नसते. श्वास रुग्णच घेतो. यंत्र घट्ट मास्कमधून श्वास घेताना अधिक व सोडताना कमी दाबाने हवा देते, त्यामुळे वायुकोश उघडे राहतात आणि श्वासाचे कष्ट हलके होतात. सीपॅपमध्ये हा दाब एकसारखाच असतो. पुन्हा नळी घालण्याची वेळ टळावी, हाच हेतू. रुग्ण शुद्धीवर नसेल, उलट्या होत असतील किंवा कफ काढता येत नसेल, तर मास्क धोक्याचा ठरू शकतो.

ती रात्र कठीण गेली. बंधू मास्क ओढत. वहिनी त्यांचा हात धरून बसल्या. घसा कोरडा पडला, पण चौविहार असल्याने त्यांना ओठ ओले करणेही नको होते. वहिनींनी समजूत घातल्यावर त्यांनी परिचारिकेला कापसाने ओठ पुसू दिले. पहाटे नाकावर लाल वळ उमटला होता, मात्र प्राणवायू सुधारला होता.

नंतर दोन दिवस त्यांना नाकातील नळीतून उबदार, दमट प्राणवायू मोठ्या वेगाने दिला. त्यावर त्यांना बोलता येई. फ्रान्समधील 6 अतिदक्षता विभागांत हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 830 रुग्णांवर झालेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात ही पद्धत बायपॅपहून कमी प्रभावी ठरली नाही. त्वचेच्या जखमाही मास्कमध्येच अधिक आढळल्या. कोणाला काय लावायचे, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

घरी निघताना तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण मिळाले. बंधू आधी त्यात फुंकत होते. श्वास आत ओढायचा असतो, हे नातीने दाखवले. आता ते गल्ल्याशेजारी ठेवलेले असते. गिऱ्हाईक नसले की दोन चेंडू वर जातात. तिसरा अजून हलत नाही.