मॉस्कोत हात दाखवला की कुणाचीही गाडी टॅक्सी व्हायची

एक काळ असा होता की मॉस्कोत टॅक्सी शोधत बसावं लागायचं नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात पुढे करायचा. थोड्याच वेळात कुणीतरी थांबायचंच. बहुतेकदा जुनी लाडा. काच खाली व्हायची, ठिकाण सांगायचं, भाडं ठरवायचं, पटलं तर बसायचं. मीटर नाही, पावती नाही.

अशा चालकांना तिथे ‘बोंबिला’ म्हणतात. (आपल्या बोंबलाशी काही संबंध नाही.)

सोव्हिएत काळात सरकारी टॅक्सी सहज मिळायची नाही, म्हणून ही सवय लागली. १९९१ नंतर पगार थकले, महागाई भडकली आणि इंजिनिअर, शिक्षकसुद्धा काम सुटल्यावर गाडी घेऊन भाडी मारू लागले. पुढे कॉकेशस आणि मध्य आशियातून आलेल्यांनी हा धंदा धरला.

यात धोका होताच. गाडीत चालकाशिवाय आणखी कुणी बसलेलं दिसलं तर चढायचं नाही, असं लोक एकमेकांना बजावायचे.

२०११ मध्ये टॅक्सीसाठी परवाना सक्तीचा झाला. पण बोंबिलांचं कंबरडं मोडलं ते ॲपने. यांडेक्स टॅक्सी त्याच वर्षी आली. भाडं, चालकाचं नाव, गाडीचा नंबर, सगळं आधीच मोबाईलवर. मग अनोळखी गाडीला हात कोण दाखवणार? बरेच बोंबिला त्याच ॲपवर गाडी चालवू लागले. घासाघीस तेवढी बंद झाली.