फुकटचा कोड, पण अटींसकट

आज सुरुवातीलाच तुम्हाला एक छोटं काम सांगते. फोन हातात आहेच, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथे हेल्प, मग अ‍ॅप इन्फो, आणि त्यात लायसन्सेस. आलं ना एक लांबलचक पान? एवढं कोण वाचतं, असंच वाटलं असेल. पण त्या पानावर ज्यांची नावं आहेत, त्यांनी लिहिलेला कोड या अ‍ॅपमध्ये वापरलाय. आणि कोड वापरायचा तर आमचं नाव आणि लायसन्स सोबत ठेवा, ही त्यांची अट आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. तुमच्यातले बरेच जण कॉलेज करता करता फ्रीलान्स कामं घेतात, आणि विचारतात, "गिटहबवरचा कोड क्लायंटच्या अ‍ॅपमध्ये टाकला तर चालतो का? फुकटच आहे ना?"

ओपन सोर्स लायसन्स असेल तर चालतो. पैसे घेऊन विकायच्या अ‍ॅपमध्येसुद्धा चालतो. फक्त फुकट म्हणजे बिनशर्त नाही, एवढं लक्षात ठेवा. कोड लिहिला की त्याचा कॉपीराइट आपोआप लिहिणाऱ्याकडे येतो, नोंदणी करावी लागत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कॉम्प्युटर प्रोग्राम हे साहित्यकृतीतच मोडतात. लायसन्स म्हणजे त्या मालकाने दिलेली परवानगी. अट पाळली नाही, तर परवानगीच्या बाहेर गेलात.

ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला सैल. एमआयटी, बीएसडी, अपाचे ही त्यातली नावं. कोड घ्या, बदला, विका, तुमचा स्वतःचा कोड झाकून ठेवा. फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्या. अपाचे २.० मध्ये पेटंटबद्दलही कलम आहे, आणि मूळ फाइल बदलली असेल तर तसं नमूद करावं लागतं.

दुसरा प्रकार जीपीएलचा. हा समजायला विरजण आठवा. शेजारच्या काकूंनी विरजण दिलं आणि म्हणाल्या, "दही लाव, विक, कितीही पैसे घे. पण जो दही नेईल त्याला कृती सांगायची, आणि त्यालाही पुढे दही लावू द्यायचं." जीपीएल कोड मिसळून बनवलेलं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला दिलंत, की त्याचा सोर्स कोडही त्याला मिळायला हवा, त्याच अटींवर. ऑफिसात स्वतःपुरतं वापरलंत, कुणाला दिलं नाहीत, तर ही अट लागू होत नाही. एजीपीएल मात्र आणखी पुढे जातं. त्यातला कोड बदलून सर्व्हरवर चालवलात आणि लोक तो नेटवरून वापरतायत, तर त्यांनाही सोर्स द्यावा लागतो.

"पण हे सगळं कोण तपासतं?" असं म्हणाल. त्यासाठी एका निळ्या-काळ्या वायफाय राउटरची गोष्ट ऐका.

अमेरिकेतल्या लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर खूप खपला. २००३ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी काही प्रोग्रामर मंडळींनी राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं, तर आत लिनक्स! लिनक्सचा गाभा जीपीएलखाली येतो, म्हणजे गिऱ्हाइकाला सोर्स मिळायला हवा होता. तो दिलाच नव्हता. बोंबाबोंब झाली, आणि कंपनीने कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. आज कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरवर लोक ते सॉफ्टवेअर टाकतात.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. लिंकसिसच्या इतर वस्तूंबाबतही तक्रारी येत राहिल्या. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. लिंकसिसच्या वस्तूंमध्ये लायसन्स पाळलं जातंय का हे बघायला सिस्कोने खास माणूस नेमायचं कबूल केलं, शिवाय फाउंडेशनला पैसेही दिले.

यातली खरी गंमत बघा. सिस्कोने तो राउटर मुळात बनवलाच नव्हता. आधीची चूक कंपनीबरोबर विकत आली, आणि निस्तरावी सिस्कोला लागली. तुमच्या क्लायंटचंही तसंच होऊ शकतं. उद्या त्याची कंपनी कुणी विकत घ्यायला आलं, की ते आधी कोड तपासून घेतात. त्यात जीपीएलचा तुकडा सापडला, की क्लायंट तुमच्याशी केलेला करार काढणार. त्यात "सगळा कोड माझा स्वतःचा आहे" या ओळीखाली तुमची सही असेल, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मग करायचं काय? कोड घ्यायच्या आधी लायसन्स नावाची फाइल उघडा. फाइलच नसेल तर कोड वापरू नका. नुसता दिसतोय म्हणजे वापरायची परवानगी आहे असं नाही. तुम्ही एक पॅकेज घेता, ते आणखी वीस ओढून आणतं, म्हणून सगळ्यांची लायसन्ससकट यादी काढा. ते काम करणारी टूल्स मिळतात. अ‍ॅपमध्ये लायसन्सचं पान ठेवा. फ्लटरमध्ये तर ते जवळजवळ तयारच मिळतं. आणि क्लायंटला ती यादी काम सोपवतानाच द्या. करारातही तसं लिहून घ्या.

अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ज्या अनोळखी माणसाने आपली कित्येक रात्रींची मेहनत वाचवली, त्याचं नाव एका पानावर ठेवायला आपलं काय जातंय?

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या प्रोजेक्टमधली ती फाइल एकदा उघडून बघाच!