कानाडोळा नको, कान द्या!

बैलगाडीचा आस करकरू लागला की गाडीवान खाली उतरायचा, गाडीला टांगलेल्या नळकांड्यातले वंगण काढायचा आणि चाकाच्या तुंब्यात घालायचा. गाडी बोलली, माणसाने ऐकले, प्रश्न मिटला. मोटारीच्या काचा बंद झाल्या आणि आत गाणी वाजू लागली, तेव्हापासून हा संवाद तुटला आहे. आवाज आला की आपण गाण्याचा आवाज वाढवतो. याला कानाडोळा म्हणतात, आणि मोटारीच्या बाबतीत तो फार महाग पडतो.

एके काळी मुंबईकराला मागच्या आसाचे आवाज तोंडपाठ होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडू लागलेली फियाट, म्हणजेच नंतरची पद्मिनी, मागच्या चाकांवर धावे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे गेले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. पण म्हणून मागच्या आसाचे युग संपले असे नाही. सकाळी मीरा रोड किंवा भाईंदरच्या कोणत्याही शाळेसमोर उभे राहून पाहा. मुलांना उतरवणाऱ्या ईको गाड्या, पाव-दूध पोचवणारे छोटे टेम्पो, सगळे मागच्या चाकांवर. तेव्हा हा विषय केवळ मोटारवेड्यांचा नाही, घरोघरचा आहे.

रचना सोपी आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्यात येते, तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकांना वाकू शकणारे सांधे असतात, त्यांना गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. शाफ्टच्या शेवटी पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते क्राउन या मोठ्या चाकाला फिरवते. तिथेच डिफरन्शियल बसवलेले असते. त्याची गरज का? दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, तर गाडी उलटी वळवताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ४ मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट जखडली, तर त्यांतले एक फरफटेल. हे कोडे सोडवणाऱ्या रचनेचे पेटंट फ्रान्सच्या पेकूरने १८२७ मध्ये घेतले, तेही वाफेच्या गाडीसाठी!

आमच्या घरात माणसे सात, म्हणून दारात ईको. गेल्या वर्षी तिच्या मागच्या भागातून 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागला. एका कार्यशाळेने पाच मिनिटांत निकाल दिला, "पूर्ण डिफरन्शियल बदला." आकडा ऐकून आम्ही परत फिरलो आणि काशीमिऱ्याच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. मी आवाजाची नक्कल करू लागलो, तसे तिथले मिस्त्री हसले. "साहेब, आवाज कसला ते राहू द्या. कधी येतो ते सांगा."

साऱ्या विद्येचे सार या एका वाक्यात आहे. मिस्त्री सगळ्यात मागच्या बाकावर बसले आणि मला गाडी चालवायला लावली. मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगाने क्षणभर गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिन मंदावले, आवाज मात्र तसाच. म्हणजे इंजिन निर्दोष. मग घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ. क्राउन-पिनियनचे दात झिजले असतील, तर अॅक्सिलरेटर दाबताना एक सूर लागतो आणि पाय उचलला की तो बदलतो. आमचा आवाज चढावर आणि उतारावर सारखाच. तिसरी पाळी उत्तनच्या वळणदार रस्त्याची. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. प्रत्येक उजव्या वळणाला आवाज चढत होता. टायरचा संशय राहू नये म्हणून मिस्त्रींनी पुढची-मागची चाके आपसात बदलून पाहिली. आवाज जागचा हलला नाही. शेवटी गाडी स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवले आणि स्प्रिंगवर बोटे ठेवली. डाव्या बाजूला खरखर बोटांना लागत होती. दोष मागच्या डाव्या बेअरिंगचा निघाला! डिफरन्शियलच्या मानाने खर्च किरकोळ.

डॉक्टरांचा स्टेथोस्कोप लायनेकने १८१६ मध्ये केला. आमच्या मिस्त्रींकडे लांब स्क्रूड्रायव्हर होता, तेवढाच फरक.

पैसे वाचले, पण खरी गोष्ट पैशांची नाही. अशा गाड्यांत मागचे बेअरिंग नुसते चाक फिरवत नाही, चाकाचा दांडाही तेच धरून ठेवते. ते झिजत गेले की सील फाटते, तेल ब्रेकवर उतरते आणि ब्रेक लागेनासा होतो. त्याहूनही दुर्लक्ष झाले, तर चाक दांड्यासकट बाहेर येऊ शकते. मागच्या बाकावर कोणाची मुले बसलेली असतात, हे वेगळे सांगायला नको.

बाकीचे आवाजही वेळेवरून ओळखता येतात. गिअर टाकताच किंवा रिव्हर्स घेताना 'टक्' झाले, तर क्रॉस सैल झाला आहे. हळू चालताना चिवचिव आली, तर तो कोरडा पडला आहे. फक्त वळतानाच मागून घरघर आली, तर डिफरन्शियलमधली लहान चाके तपासावीत. ठरावीक वेगालाच अंग थरथरत असेल, तर शाफ्ट किंवा टायर. यांतला फरक कान सांगतो. तेरा इंची छोटे चाक ६० च्या वेगाला सेकंदाला सुमारे १० वेळा फिरते, शाफ्ट त्याच्या चार-पाच पट. म्हणून चाकाचा दोष धडधडतो आणि शाफ्टचा गुणगुणतो.

पावसाळ्याचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते आपण विसरलेलो नाही. तापलेला आस पाण्यात बुडाला की एकदम थंड होतो आणि हवेच्या छोट्या छिद्रातून पाणी आत ओढतो. आतले तेल दुधाळ चहासारखे होते आणि दात-बेअरिंगे हळूहळू गंजतात. आवाज काही महिन्यांनी येतो, तोवर पूर विसरला गेलेला असतो. म्हणून आसापर्यंत पाणी आले, की तेल तपासून घ्यावे.

आणि जुनी गाडी घेताना आवाज अजिबातच नसेल, तर तेही तपासावे. डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा घालून ओरड दाबण्याची युक्ती जुन्या गाड्यांच्या बाजारात जगभर सांगितली जाते. आवाज गेला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे.

घरी करण्याजोगी गोष्ट एकच. आवाज आला की कागदावर चार ओळी लिहा: कोणत्या वेगाला, पाय दाबताना की उचलताना, कोणत्या वळणाला, कोणत्या रस्त्यावर. गाडी जॅकवर असताना मात्र इंजिन गिअरमध्ये चालवून प्रयोग करू नका. एक चाक जमिनीवर थांबलेले असले, की उचललेले दुप्पट वेगाने फिरते आणि गाडी जॅकवरून निसटू शकते. आणि एखाद्या सकाळी मुलांच्या व्हॅनमध्ये मागच्या बाकावर बसून शाळेपर्यंत जा. गाणी बंद करायला सांगा. चालकदादाही नाही म्हणणार नाहीत, पुढच्या सीटवरून त्यांना तो आवाज बहुधा ऐकूच येत नसतो.