विश्लेषण : लॅपटॉपची बिजागरी खरेच सैल झालेली असते का?

पुण्याच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे ओळखले जाणारे हिंजवडी महसुली हिशेबात मुळशी तालुक्यात येते, आणि त्या तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. या पट्ट्यात लॅपटॉप हे रोजच्या कामाचे साधन आहे. घरातल्या कमावत्या माणसाने पाच-सहा वर्षे वापरलेला लॅपटॉप पुढे कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे किंवा गावाकडच्या भाचीकडे जातो. तोवर प्रोसेसर ठीक असतो, कीबोर्डही चालतो, पण स्क्रीन डुगडुगू लागलेली असते. ‘बिजागरी सैल झाली, स्क्रू आवळला की झाले,’ हा यावरचा घरगुती निष्कर्ष. पुष्कळदा तो उलटा असतो. बिजागरी सैल नव्हे, तर जास्त घट्ट झालेली असते आणि तिने स्वतःचा आधारच उखडलेला असतो. अशा वेळी आवळण्याने उरलेलेही तुटते.

बिजागरीचे काम नेमके काय?

दाराची बिजागरी जितकी सहज फिरेल तितकी चांगली. लॅपटॉपच्या बिजागरीने मात्र फिरायलाही हवे आणि सोडू त्या कोनात थांबायलाही हवे. त्यासाठी तिच्यात मुद्दाम घर्षण ठेवलेले असते. पोलादी दांड्याभोवती धातूची पट्टी घट्ट गुंडाळलेली असते किंवा दांड्यावर चकत्यांची चळत बसवून टोकाला नट आवळलेला असतो. मध्ये थोडे खास ग्रीस असते. म्हणूनच कुरकुरणाऱ्या दाराला सोडतो तसे तेल इथे सोडू नये. ते जिथे घर्षण हवे तिथेच निसरडे करते, शिवाय आजूबाजूच्या प्लॅस्टिकवर पसरते.

हे घर्षण मुळातच कमी पडल्याची उदाहरणेही आहेत. अमेरिकेतील ‘फ्रेमवर्क’ या कंपनीच्या सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन धक्क्याने मागे कलते, अशी तक्रार होती. कंपनीने पुढे जास्त ताठ बिजागऱ्यांची जोडी सुटी विकायला काढली. ग्राहकाने ती घरीच बदलायची. ही खरी ‘सैल बिजागरी’. आपल्याकडे दुरुस्तीच्या टेबलावर येणारी गोष्ट मात्र अनेकदा वेगळी असते.

मग तुटते काय?

बिजागरी पोलादी असली तरी ती ज्यात बसते तो भाग प्लॅस्टिकचा असतो. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्यांत पितळी नट दाबून बसवलेले असतात आणि बिजागरीचे दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे स्क्रू त्यांत जातात. काही वर्षांत ग्रीस वाळते, धूळ जाते, पोलादावर गंज चढतो आणि दांडा अडकत फिरू लागतो. मुळशीच्या पावसाळ्यावर खापर फोडणे सोपे आहे. दमट हवेने गंजाला हातभार लागतोही. पण मोठा वाटा हाताच्या सवयीचा असतो.

त्यामागचे गणित अडकित्त्याचे आहे. सुपारी खिळीजवळ ठेवली आणि मुठी टोकाला धरल्या की थोड्या जोराने ती फुटते. १५.६ इंची लॅपटॉपचे झाकण साधारण २२ सेंटिमीटर उंच असते आणि बिजागरीचे स्क्रू आसापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर. म्हणजे वरच्या कडेला लावलेला जोर स्क्रूपाशी दहा ते वीस पट होऊन पोहोचतो. झाकण एकाच कोपऱ्याला धरून उघडले तर तो दोन बिजागऱ्यांत वाटला न जाता एकीवरच जास्त येतो. एका बाजूची बिजागरी आधी जाते, त्याचे हे एक प्रमुख कारण. मग एक दिवस ‘कट्’ असा आवाज येतो. पितळी नट खुंटीसकट उपटलेला असतो, आणि झाकण डुगडुगते म्हणून बिजागरी सैल वाटते.

घरी ओळखायचे कसे?

लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकण मधोमध धरावे आणि अगदी हळू हलवावे. कुठेही फट न पडता ते स्वतःच्या वजनाने खाली येत असेल, तर घर्षण कमी झाले आहे. थोडेसे खडखडून मग घट्ट थांबत असेल, तर बिजागरी धरून ठेवणारा स्क्रू ढिला असण्याची शक्यता जास्त. पण उघडताना कोपऱ्यातली चौकट मागच्या झाकणापासून सुटत असेल किंवा कीबोर्डच्या बाजूचा कोपरा वर उचलला जात असेल, तर आधार तुटला आहे. तिथे थांबावे. झाकण आहे त्या कोनात राहू द्यावे, उघडझाप बंद करावी आणि आधी फाइलींची प्रत काढून घ्यावी.

ही घाई कशासाठी? स्क्रीनला चित्र पुरवणारी केबल आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फायच्या अँटेनाच्या तारा याच बिजागरीजवळून वर जातात. सुटलेले पोलाद त्यांना चिमटते. झाकण पिरगळले तर स्क्रीनलाही तडा जातो. मूठभर प्लॅस्टिकचे काम केबलवर आणि पुढे स्क्रीनवर जाते ते असे. स्क्रीन बदलण्याचा खर्च ऐकल्यावर जुना लॅपटॉप टाकून देण्याचा निर्णय घरात लगेच होतो.

दुरुस्ती कुठवर शक्य?

नुसता स्क्रू ढिला असेल तर हे घरी करण्यासारखे काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, तळाचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असू शकते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर मदरबोर्डला इजा होते, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून स्क्रू त्या-त्या जागी ठेवावेत. स्क्रू पुन्हा ढिला होऊ नये म्हणून गाड्यांच्या नटबोल्टला लावतात ते द्रव्य इथे नको. काही प्लॅस्टिक त्याने तडकते.

आसावर नट असलेली बिजागरी जड झाली असेल तर नट पाव फेरा सैल करून पाहता येतो, स्क्रीन पडत असेल तर पाव फेरा आवळून. गुंडाळलेल्या पट्टीच्या बिजागरीत ही सोय नसते, ती बदलावीच लागते.

खुंटी तुटली असेल तर फेविक्विकसारखा झटपट गोंद फार दिवस पुरत नाही. सांधा कडक पण ठिसूळ होतो आणि पहिल्या हिसक्याला निघतो. त्यापेक्षा दोन नळ्यांतून मिसळायचा, सावकाश सुकणारा इपॉक्सी बरा. पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसायचा, पितळी नट बिजागरीला स्क्रूने जोडून जागेवर बसवायचे, भोवती इपॉक्सी भरायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. आत सांडलेले पितळाचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेचून काढलेच पाहिजेत. पितळी तुकडा मदरबोर्डवर पडला तर शॉर्ट होतो. मुख्य म्हणजे आधी बिजागरी हलकी करायची किंवा बदलायची. ताठ बिजागरी तशीच ठेवून केलेला सांधा पुन्हा उखडतो, आणि ‘गोंद टिकत नाही’ हा दोष गोंदाच्या माथी येतो.

दुकानात काय विचारावे?

दुरुस्ती करणारे बिजागरीला ‘हिंज’ म्हणतात आणि बाहेरच्या भागांना ए, बी, सी, डी पॅनेल : मागचे झाकण, स्क्रीनची चौकट, कीबोर्डभोवतीचा भाग आणि तळ. पौड, पिरंगुटच्या ग्राहकाने पुण्यात जाण्याआधी तळाच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा. डावी-उजवी बिजागरी वेगळी असते आणि टचस्क्रीनची साध्या स्क्रीनच्या मॉडेलला बसेलच असे नाही. नुसते हिंज बदलणार की पॅनेलही, आणि जुना भाग परत मिळणार का, हे पैसे ठरवतानाच विचारावे.

सुटा भाग मिळणे हाच मोठा अडथळा असतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण छापावे लागतात. सुट्या भागांची उपलब्धता आणि किंमत त्यात मोजली जाते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’वर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका जागी मिळावी, हा त्याचा हेतू. पण माहिती मिळणे वेगळे आणि सहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची उजवी बिजागरी हातात पडणे वेगळे.

दुरुस्ती होणारच नसेल तर?

तरीही लॅपटॉप भंगारात घालण्याची घाई नको. झाकण एका कोनात टेकवून किंवा तंत्रज्ञाकडून पूर्ण काढून घेऊन तो एचडीएमआय केबलने मॉनिटरला किंवा घरातल्या टीव्हीला जोडता येतो. मात्र वाय-फायच्या अँटेना झाकणातच असतील, तर झाकणाबरोबर त्याही जातात. मग इंटरनेटसाठी राउटरपासून तार ओढावी लागते किंवा यूएसबीला लावायचा छोटा वाय-फाय अडॅप्टर घ्यावा लागतो.