तंगूस घेताना: ताकद किती, रंग कोणता?

मैत्रिणींनो, पावसाळा लागला की तलावावर, नाल्यावर गळ टाकणाऱ्या बायांची तंगुसाची खरेदी सुरू होते. दुकानात पांढरा, हिरवा, निळा, लाल, पिवळाधमक अशी रिळं लटकलेली असतात. दुकानदार म्हणतो, "ताई, हा न्या, हा मजबूत आहे." मजबूत म्हणजे किती आणि कोणत्या माशासाठी, ते तो सांगत नाही. गटातून कर्ज उचलून पाच-दहा जणींसाठी एकदम माल घ्यायचा असेल तर हे आपणच समजून घ्यायला हवं. तंगूस चुकला तर मासा जातो, गळ जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

आधी पाकीट वाचायला शिकू. त्यावर दोन आकडे असतात. एक जाडीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा किती वजनाला तुटतो त्याचा. हा दुसरा आकडा बरेचदा पौंडात असतो, एलबी असं लिहिलेलं असतं. वीस पौंड म्हणजे वीस किलो नव्हे, नऊ किलोच. इथे पुष्कळ जणी फसतात. साध्या नायलॉनच्या तंगुसाचा अंदाज असा: ०.२० मिमी सुमारे ३ किलो, ०.३० मिमी सहा-सात किलो, ०.४० मिमी दहा-बारा किलो, ०.५० मिमी पंधरा ते अठरा किलो. कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. जाडी दुप्पट झाली की ताकद जवळपास चौपट होते, म्हणून जाडीत थोडासा फरक दिसला तरी तो लहान समजू नका.

पण हा आकडा नव्या, कोरड्या, बिनगाठीच्या धाग्याचा असतो. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं. उन्हानंही ते खराब होतं. पत्र्यावर वाळत पडलेला तंगूस वर्षभरात ठिसूळ होतो. आणि सगळ्यात जास्त ताकद जाते ती गाठीत. आपण पिशवीला मारतो तशी साधी गाठ गळाला मारली तर निम्मी ताकद तिथेच संपते.

त्यापेक्षा असं करा. तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून काढा आणि मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या. मग ते टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घाला आणि नंतर तयार झालेल्या मोठ्या फासातून परत काढा. गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करून हळूहळू आवळा. कोरडी गाठ खसकन ओढली तर घासून गरम होते आणि तिथेच तंगूस मरतो.

खरी ताकद घरीच तपासता येते. तासभर भिजवलेल्या तंगुसाला नेहमीची गाठ मारून गळ बांधा, गळात बादली अडकवा आणि वरचं टोक झाडाच्या फांदीला बांधा. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. मग लिटरच्या मापानं पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात बादलीचं वजन धरा. पाय आणि तोंड लांब ठेवा, गळ उसळून लागू शकतो. घाऊक माल घेण्याआधी एक रीळ आणून ही परीक्षा सगळ्यांसमोर करा. मग दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

आता माशांकडे येऊ. रोहू, कतला, मृगळ यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे तंगूस चावून तुटत नाही. एक-दोन किलोच्या माशाला बांबूच्या काठीवर ०.३० मिमी पुरतो. काठी वाकते आणि हिसका झेलते. नुसत्या हातानं दोर टाकत असाल तर वाकायला काही नसतं, म्हणून ०.४० घ्या. पाण्यात माशाचं वजन फारसं लागत नाही, तंगूस तोडतो तो हिसका. मासा पळाला की थोडं सोडायचं, दमला की ओढायचं.

मरळीचं वेगळं. तिला दात आहेत आणि गळ लागला की ती सरळ गवतात, कमळाच्या देठांत घुसते. तिथे तंगूस घासतो. तिला ०.५० च्या खाली जाऊ नका. बेडकी किंवा लहान मासा दिसला की ती झडप घालते, तंगूस निरखत बसत नाही, त्यामुळे जाड चालतो. शिंगाळ्यालाही जाडच हवा, कारण त्याच्या परांचे काटे करवतीसारखे असतात. लहानसहान मासळीला ०.२० पुरे. जाड घेतला तर लहान गळ नीट लोंबत नाही आणि मासा बिचकतो.

रंगाबद्दल गैरसमज फार आहेत. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, हातभर अंतरावरचंही दिसत नाही. मासा वासानं येतो. तेव्हा रंगासाठी जास्त पैसे देणं वाया. रात्रीचंही तसंच. हिवाळ्यात पाणी निवळलं की मात्र रंगानं फरक पडतो. तेव्हा पारदर्शक किंवा फिका हिरवा घ्या, आणि पाण्यात शेवाळ, गवत असेल तर हिरवा किंवा मातकट. लाल रंग पाण्यात आधी विझतो म्हणून लाल तंगूस दिसतच नाही, असं कुणी सांगेल. खरं म्हणजे तो नाहीसा होत नाही, काळपट दिसतो.

पिवळाधमक रंग आपल्यासाठी असतो, माशासाठी नाही. वय झालेल्या, नजर कमी असलेल्या बायांना तो पाण्यावर चटकन दिसतो. त्यांनी मुख्य दोर पिवळा ठेवावा आणि गळाकडची वावभर लांबी पारदर्शक जोडावी. ती जरा बारीक ठेवली तर गळ खाली अडकला तरी तिथेच तुटेल, सगळा दोर जाणार नाही.

विणलेला दोर, ज्याला ब्रेड म्हणतात, तो बारीक असून फार मजबूत असतो. पण तो ताणत नाही. रीळ लावलेल्या गरीला ठीक. हातानं ओढणाऱ्या बाईचं बोट तो कापतो, आणि दगडावर घासला की लवकर तुटतो. महागही आहे. आपल्या कामाला साधा नायलॉनच बरा.

घरी आल्यावर तंगूस बोटांच्या चिमटीतून फिरवा. जिथे खरखर लागते तिथून पुढचा भाग कापून टाका, मग गळ नव्यानं बांधा. कापलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका, बगळ्यांचे पाय त्यात गुंततात आणि गुरं गवताबरोबर गिळतात. जुन्या बाटलीत भरून झाकण लावा. रीळ सावलीत, सुती पिशवीत ठेवा, आणि कोणत्या महिन्यात घेतलं ते त्यावर पेनानं लिहून ठेवा.