इतवाऱ्याहून बाल्टिकला, बंदरं पायी बघत

बुऱ्हाणपूरची झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरोला जायचीच, पण थेट पोलंड आणि मॉस्कोच्या मुलखातही जायची. ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात हे लिहून ठेवलंय. म्हणजे बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातल्या माणसाला बाल्टिक समुद्र अगदीच परका नाही. आपल्या गावचं कापड तिथं साडेतीनशे वर्षांपूर्वी पोचलेलं आहे.

दोन्हीकडच्या गल्ल्या पायी तुडवलेला एक माणूसही आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलचा पीटर मंडी. १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्ऱ्याला जाताना तो बुऱ्हाणपुरात उतरला. वाटेवर भीषण दुष्काळ होता, त्याचं त्याने केलेलं वर्णन आजही वाचवत नाही. दहा वर्षांनी हाच मंडी डान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला, जाऊन राहिला आणि तिथून उत्तरेला आर्खांगेल्स्कपर्यंत फिरून आला. सगळीकडे वही उघडी. दिसलं ते लिहायचं, जमेल ते रेखाटायचं.

उत्तर युरोपच्या क्रूझचं तिकीट काढलेल्या प्रत्येकाला मी मंडीची गोष्ट सांगते. जहाजावर प्रत्येक बंदरासाठी बसची सहल विकायला ठेवलेली असते. ती घेऊ नका. ही गावं चालणाऱ्यांसाठीच वसली आहेत. तट, वेस, चौक, बाजार, देऊळ असा आपल्या शिकारपुरा-राजपुरा मोहल्ल्यांसारखाच सगळा मामला.

आधी वार बघा

आपल्याकडे इतवारा आहे, शनवारा आहे; वारांवरून मोहल्ले ओळखणारे आपण. तिकडच्या वारांतही गंमत आहे. स्वीडनमध्ये शनिवारला ‘लोर्दाग’ म्हणतात, म्हणजे शब्दशः आंघोळीचा दिवस! जुन्या काळी त्या थंडीत आठवड्याची न्हाणी शनिवारी व्हायची. डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या भाषांतही शनिवार हा असा न्हाऊन निघालेलाच आहे.

रविवारचं मात्र सांभाळा. आपल्या मोहल्ल्याच्या नावातच इतवार असला तरी नॉर्वेत आणि जर्मनीत इतवारी बहुतेक दुकानांना कुलूप असतं. बर्गेन बंदर रविवारी येत असेल तर खरेदी आदल्या बंदरात उरका आणि तो दिवस डोंगराला द्या. फ्लोयबानेन ही दोराने ओढली जाणारी गाडी १९१८ पासून माणसांना ३२० मीटर उंचीवर नेते आहे. छत्री घ्याच. बर्गेनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो.

‘बर्लिन’ला समुद्र नाही

वेळापत्रकात ‘बर्लिन’ छापलेलं असतं. जहाज लागतं वार्नेम्युंडेला आणि तिथून बर्लिन रेल्वेने सुमारे तीन तास! ‘स्टॉकहोम’ लिहिलेली काही जहाजं नीनेसहामनला थांबतात, तिथून लोकलने तासभर. बुऱ्हाणपूरचं तिकीट काढून लालबागच्या स्टेशनावर उतरणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तिकीट काढतानाच धक्क्याचं नाव विचारून घ्या आणि तिथून गावात जायची गाडी शोधून ठेवा.

पक्क्या ध्यानात ठेवायच्या दोन गोष्टी. एक, सुटायच्या अर्धा तास आधी जहाजावर हजर. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर ते थांबतं, एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. दुसरी, वाटेत ब्रिटन असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. एका प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद. आणि मनात जुनं सेंट पीटर्सबर्ग असेल तर ते तूर्त सोडा. २०२२ पासून बहुतेक क्रूझ तिकडे वळत नाहीत.

स्वयंपाकघरात डोकावणारा बुरूज

एस्टोनियाचं तालिन माझं सगळ्यांत लाडकं बंदर. धक्क्यावरून निघालं की वीसेक मिनिटांत वेशीतून आत. जवळपास दोन किलोमीटर तट आजही उभा आहे. त्यातल्या एका बुरुजाचं नाव ‘कीक इन दे क्योक’, जुन्या जर्मन बोलीत ‘स्वयंपाकघरात डोकाव’. बुरूज इतका उंच, की पहाऱ्यावरच्या शिपायांना खालच्या घरांतल्या चुलीवर काय शिजतंय ते दिसायचं! परकोटाला लागून घर असलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही तक्रार कळेल.

चौकातलं औषधाचं दुकान १४२२ च्या कागदपत्रांत सापडतं आणि आजही तिथं औषधं मिळतात. बस-ट्राम २०१३ पासून तालिनकरांना फुकट, पाहुण्यांनी तिकीट काढायचं. पण गावात फिरायला ट्राम लागतेच कुठे?

समोरच्या किनाऱ्यावर हेलसिंकी. तिथं रस्त्यांच्या पाट्यांवर नावं दोन, एक फिनिश आणि एक स्वीडिश. बाजारचौकातून सुओमेनलिन्ना या सागरी किल्ल्यावर फेरीबोट जाते, शहराच्या बसचंच तिकीट तिला चालतं. बुऱ्हाणपूरच्या आपल्या शाही किल्ल्यात आज कुणी राहत नाही. तिथं मात्र किल्ल्यातच माणसं नांदतात, मुलं शाळेत जातात.

अळणी समुद्राने वाचवलेलं जहाज

१६२८. इकडे शाहजहान तख्तावर बसला. तिकडे १० ऑगस्टला स्टॉकहोममध्ये ‘वासा’ ही ६४ तोफांची युद्धनौका पहिल्यांदा पाण्यात निघाली. जेमतेम १३०० मीटर गेली असेल, वाऱ्याचा झोत आला, वरून जड असलेली नौका कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि ती बुडाली. मुमताजने बुऱ्हाणपुरात अखेरचा श्वास घेतला तो १६३१ मध्ये, म्हणजे वासा तेव्हा तीन वर्षं तळाशी होती. एकूण ३३३ वर्षं ती तिथंच राहिली आणि १९६१ मध्ये वर काढली तेव्हा जवळपास शाबूत!

कारण ऐका. महासागराच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, स्टॉकहोमजवळ त्याहून खूपच कमी. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याला असं अळणी पाणी मानवत नाही. वासाच्या संग्रहालयाला दोन तास द्या, बाकी स्टॉकहोम थोडं कमी बघितलं तरी चालेल.

एकमेकांवर ढकललेला खाऊ

जग ज्याला ‘डॅनिश पेस्ट्री’ म्हणतं तिला कोपनहेगनमध्ये म्हणतात ‘वीनरब्रोड’, व्हिएन्नाचा पाव. आणि व्हिएन्नात तिलाच कोपनहेगनची म्हणतात! मुंबईत मोहम्मद अली रोडवर मावा जिलेबीला बुऱ्हाणपूरचं नाव लागतं. आपण निदान ते नाव कुणावर ढकलत नाही, अभिमानाने घेतो.

कोपनहेगनहून रेल्वेने पाऊण तासावर हेल्सिंग्योर. इथं १४२९ पासून १८५७ पर्यंत डेन्मार्कचा राजा येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायचा. मालाची किंमत कप्तानाने स्वतःच सांगायची. पण त्या किमतीला सगळा माल विकत घ्यायचा हक्क राजाकडे. किंमत कमी सांगितली की माल गेला. इतकी साधी आणि हुशार जकात मी दुसरी ऐकली नाही.

खाण्यात माझा जीव रमला तो नॉर्वेत. ‘लेफ्से’ म्हणजे बटाटा आणि पीठ मळून केलेली पातळ, मोठी, मऊ पोळी. खाचा असलेल्या लाटण्याने लाटतात, मग लांब चपट्या काठीवर अलगद उचलून भल्यामोठ्या तव्यावर सोडतात, त्याच काठीने उलटतात. त्या तव्याला म्हणतात ‘टाक्के’. लोणी लावून, साखर भुरभुरून, गुंडाळी करून खायची. पहिल्या घासाला मला खान्देशातले पुरणाचे मांडे आठवले, हातांवर झुलवत वाढवून उपड्या खापरावर टाकलेले. आणि आपल्याकडे लग्नाच्या जेवणात रश्श्याबरोबर वाढतात ते रुमालासारखे मैद्याचे मांडेही. हातांवर, काठीवर, तव्यावर, खापरावर. पातळ पोळीची हौस सगळीकडे सारखी.

तृणमणी

ग्दान्स्कला जाणारी जहाजं बहुधा ग्दिन्याला लागतात, तिथून लोकलने सुमारे पाऊण तास. ग्दान्स्क म्हणजे अंबराचा बाजार. झाडांचा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा डिंक, मधासारखा पिवळा, हातात धरला तर काचेसारखा थंड लागत नाही. नकली मालही खूप. घरी आल्यावर करायची एक परीक्षा: ग्लासभर पाण्यात भरपूर मीठ विरघळवा. अंबर गोड्या पाण्यात बुडतो, दाट खाऱ्या पाण्यात तरंगतो. काच तळाशीच बसते.

दुसरी परीक्षा त्याच्या मराठी नावातच आहे. तृणमणी, गवत ओढणारा मणी. फारसीतला ‘कहरुबा’ही तेच सांगतो, गवताची काडी पळवणारा. मी आणलेला मणी डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी लोकरीच्या शालीवर चांगला घासला आणि खिडकीत धरला. शेजारच्या काकू बघत होत्या. गवत शोधायची वेळच आली नाही. समोरच्या यंत्रमागावरून उडत आलेलं कापसाचं तूस त्याला येऊन चिकटलं.